मोर्शेदा आपाचे सांडगे

ट्रकमधून सगळ्यात आधी कोहळे उतरले.

सहा होते. राख फासल्यासारखे पांढरट, एकेक चार-पाच किलोचा. मोर्शेदा आपानं ते जुन्या साड्यांत गुंडाळून सामानाच्या मधोमध बसवले होते. झिनाइदह ते चितगाव म्हणजे देशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वाटेत पद्मा, मग मेघना. कपाटाचा आरसा फुटला होता. शिवणयंत्राचं चाक वाकलं होतं. कोहळ्यांवर ओरखडाही नव्हता.

आब्बा फाटकात उभे होते. माझे वडील, आबसार सौदागर. पाच मजल्यांचं हे घर त्यांचं. तळमजल्यावर आम्ही, वर चार मजल्यांवर भाडेकरू.

"कोहळे चितगावातही मिळतात," आब्बा म्हणाले.

"मिळत असतील," आपा म्हणाली. "हे माझे आहेत."

आणि एक कोहळा कडेवर घेऊन ती जिना चढायला लागली. मी पहिल्या पायरीवर उभी होते. बाजूला झाले. आब्बांशी कुणी असं बोललेलं मी तेवीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

मागून तिचा नवरा आला. आकरमभाई. साखर कारखान्यात वीस वर्षं उसाच्या गाड्यांचं वजन करणारा माणूस. कारखाना बंद पडला आणि त्यांना इथं कंटेनरच्या आवारात नोंदी करायचं काम मिळालं. आब्बांनी त्यांना जिन्याशी उभं करून नियम सांगितले. पाणी सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सहा. फाटक दहाला बंद. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. छतावर जायचं नाही. आकरमभाईंनी चारही नियमांना मान हलवली. त्यातले तीन त्यांनी बायकोला सांगितले. छताचं राहिलं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

आपाही स्वतःहून विचारणार नव्हती. ती जिथून आली तिथं ऊन मागून घ्यायची वस्तू नव्हती.

मी आदल्या वर्षी साहित्याची एम. ए. झाले होते. नोकरी लागत नव्हती, लग्न ठरत नव्हतं. आपाची मुलगी तुली दहा वर्षांची. इथल्या शाळेत तिला काही उमजेना, म्हणून मी रोज तीन वाजता चौथ्या मजल्यावर तिला शिकवायला जाऊ लागले. तुली अर्ध्या तासात कंटाळायची. मग मी आणि आपा.

आमची चितगावची बोली तिला अजिबात कळायची नाही. दोघी बंगालीच, पण ती गल्लीत उतरली की मला दुभाषी व्हावं लागे. पहिल्याच आठवड्यात मासळीवाल्यापाशी ती उकिडवी बसली आणि एक मासा उलटा करून बघितला.

"त्याला सांग, या माशाचे डोळे माझ्या सासऱ्यासारखे झालेत."

"आपा, असं कसं सांगू?"

"असंच सांग."

मी सांगितलं. मासळीवाल्यानं विचारलं, सासरे कसे आहेत?

"वारले," आपा म्हणाली. हे त्याला मी अर्थ न सांगताच कळलं. त्यानं टोपलीच्या तळातून दुसरा मासा काढून दिला.

तिचं वय अडतीस. सतराव्या वर्षी लग्न. तेव्हापासून सहा घरं. सासरचं एक, कारखान्याच्या वसाहतीतली पाच. नवऱ्याची पाळी बदलली की खोली बदलायची. शेवटच्या खोलीत ती नऊ वर्षं राहिली आणि छपरावर कोहळ्याचा वेल चढवला. कारखाना बंद झाल्यावर महिन्याभरात खोल्या रिकाम्या करा असा कागद आला. सगळ्यांनी केल्या. आपानं नाही केली. कारखान्याचा साहेब स्वतः आला.

"बाई, अजून इथंच?"

"कोहळे पिकायचेत."

"कोहळे?"

"हिरवे काढले तर टिकत नाहीत. देठ वाळला की जाईन."

साहेब पुन्हा आला. मग पुन्हा. देठ वाळायला अडीच महिने लागले. तितके दिवस नवरा एकटा चितगावात खानावळीत जेवत होता आणि ती रिकाम्या वसाहतीत मुलीला घेऊन राहत होती. एके दिवशी साहेबानंच छपराकडे बघून विचारलं, "आता झाले वाटतं?" आपा म्हणाली, "अजून आठ दिवस."

हे सगळं ती शिवता शिवता सांगायची. हसायची नाही. हसायचे मी.

"पण आपा, एवढं कशासाठी?"

"सांडग्यांसाठी."

पौष लागला, हवा कोरडी झाली की त्यांच्याकडे घरोघर कोहळ्याचे सांडगे घालतात. कोहळा किसायचा, पिळायचा. उडदाची डाळ रात्रभर भिजवून वाटायची. दोन्ही एकत्र करून हातानं फेटायचं, हात भरून येईपर्यंत. मग कापडावर ओळीनं घालायचे आणि तीन दिवस कडक ऊन. वर्षभर माशाच्या रश्शात, वांग्यात.

"माझ्या माहेरी दोनदाच सांडगे झाले नाहीत," ती म्हणाली. "एकदा लढाईच्या साली. मी जन्मलेही नव्हते. एकदा बाप गेला त्या वर्षी. सांडगे नाहीत म्हणजे घरात कुणीतरी गेलंय. इथं कोण गेलंय? कुणी नाही."

दीड महिना झाला तरी तिनं अर्धं सामान सोडलं नव्हतं. खोकी भिंतीला लागून तशीच होती. मी विचारलं, घर कधी लावणार? ती म्हणाली, आधी माझ्या हातचं काहीतरी इथल्या उन्हात वाळू दे. तोवर हा मुक्काम आहे. मुक्कामात कुणी कपाट लावत नाही.

पौषातल्या दुसऱ्या गुरुवारी तिनं तीन कोहळे फोडले आणि डाळ भिजत घातली. शुक्रवारी नवऱ्याला सुट्टी, उचलाउचलीला माणूस घरात. पहाटेपासून पाटा-वरवंट्याचा आवाज येत होता. आठ वाजता तिनं फेटलेल्या पिठाचा एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला. तरंगला. पीठ झालं. परात कडेवर घेऊन ती छताचा जिना चढली.

पाच मिनिटांत ती आमच्या दारात होती. कोपरापर्यंत हात पांढरे.

"लुबना, वरच्या दाराला कुलूप कुणी घातलं?"

"ते असतंच, आपा."

"असतंच म्हणजे?"

"दोन वर्षं झाली."

आब्बा आतून बाहेर आले. वर्तमानपत्र हातात. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी छतावरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं टाकलं. टाकीत कावळा पडून मेला. तीन दिवस कुणाला कळलं नाही. अर्धं घर जुलाबानं झोपलं. तेव्हापासून छत बंद. वर फक्त आम्मा जाते, लोणच्याच्या बरण्या घेऊन.

"आणि मी नियम सांगितला होता," आब्बा म्हणाले.

आपानं वळून बघितलं. मागं आकरमभाई उभे होते. ते भिंतीकडे बघत होते.

"चाचा, आजच्या दिवस उघडा. पीठ फेटून झालंय. ठेवलं तर आंबेल."

"आज तुम्हाला उघडलं तर उद्या सगळ्यांना उघडावं लागेल."

"मग उघडा."

"तुलीच्या आई, हे घर माझं आहे."

"घर तुमचंच. मी घर कुठं मागतेय?"

आब्बांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते आत गेले. शुक्रवारची आंघोळ ते सावकाश करतात. किल्ल्यांची साखळी खुंटीवर होती. मी काय करतेय हे कळायच्या आत मी ती काढली आणि जिन्यात पळाले. आपा तिसऱ्या मजल्यावर परात टेकवून उभी होती.

"घ्या आपा. लवकर."

"चाचांनी दिली?"

"नाही."

"मग ठेव जाऊन."

"ते आंघोळीला गेलेत. कळणारसुद्धा नाही."

"आणि मी काय करू? पाय न वाजवता वर जाऊ? सांडगे घालताना आमच्याकडे बायका चार घरांवर ऐकू जाईल एवढ्या बोलतात. चोरून वाळवलेला सांडगा माझ्या घशाखाली उतरायचा नाही." तिनं माझी मूठ बंद केली. माझ्या बोटांवर पीठ लागलं. "एवढी पुस्तकं वाचलीस, आणि बापाच्या खुंटीवर हात मारतेस? जा."

मी गेले. किल्ली खुंटीवर ठेवली. साखळीवरचं पीठ ओढणीनं पुसलं.

वरून तिचा आवाज आला. "खाट उचला."

"कुठं न्यायची?" आकरमभाई.

"खाली."

"खाली कुठं?"

"जिथं कुलूप नाही तिथं."

आमची गल्ली टेकडीच्या उतारावर आहे. दोन्ही बाजूंना उंच घरं. ऊन खाली पोचतं ते फक्त बदिउलच्या चहाच्या दुकानासमोर. आपानं मला पुढं घातलं. "विचार त्याला, ऊन किती वाजेपर्यंत असतं?"

"दोन," बदिउल म्हणाला. "ठेवा की भाबी. गल्ली काय माझ्या बापाची आहे?"

फळ्यांची खाट भर गल्लीत पडली. तिच्यावर धुतलेली साडी ताणून बांधली. आपा मांडी घालून बसली आणि सांडगे घालायला लागली. चिमटीतून एक, त्याच्या शेजारी एक. ओळ सरळ, जणू खाली दोरी धरलीय. आणि ती खरंच मोठ्यानं बोलत होती. तुलीला ओरडत होती, कावळ्यांना शिव्या देत होती, नवऱ्याला काठी आणायला सांगत होती.

गल्ली जमली.

"हे काय करतेय?"

"कोण ही?"

"सौदागरांची भाडेकरू. चौथ्या मजल्यावरची."

"मग इथं का? वर छत नाही का?"

मी आपाला अर्थ सांगितला. ती मान वर न करता म्हणाली, "सांग, छत आहे. कुलपात आहे."

मी सांगितलं. दुसऱ्या बाईनं तेच विचारलं. आपा तेच म्हणाली. रडगाणं नाही, तक्रार नाही. छत आहे, कुलपात आहे. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर तिनं बोलणंच सोडलं. कुणी विचारलं की मीच उत्तर देत होते. घरमालकाची मुलगी, त्याच्याच फाटकासमोर उभी राहून. माझं मलाच ते उशिरा ऐकू आलं.

दीडला जुम्म्याची नमाज सुटली. सगळी गल्ली एकदम मशिदीतून उतरली. मधोमध आब्बा, पांढरा कुर्ता, अत्तर. खाट बघून सगळे थांबले. आब्बाच थांबले नाहीत.

"सौदागर, तुमच्या घरचं सामान बाहेर पडलंय!"

"छत गळतंय का हो?"

"गळत नाही," बदिउल किटली हलवत म्हणाला. "फार नीट राखलंय."

आब्बा सरळ आत गेले. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

दोन वाजता ऊन सरकलं. आम्ही खाट दहा पावलं वर ओढली. मग आणखी आठ. तीनला ऊन भिंतीवर चढलं आणि तिथून आमच्या छतावर गेलं. आपा मान मागं टाकून तिकडे बघत राहिली. वरती अजून दोन तासांचं ऊन होतं.

शनिवारी धुकं आलं. तरी तिनं खाट खाली आणली. दहा वाजले तरी गल्लीत राखाडी उजेड. आब्बा दुकानाला निघाले आणि खाटेजवळ आले तेव्हा त्यांची पावलं मंदावली.

आब्बांचं दुकान सुक्या मासळीचं. लहानपणी ते कुतुबदियाच्या वाळूवर आपल्या आईबरोबर मासळी वाळवायचे. वाळत घातलेली कुठलीही वस्तू हात न लावता ओलांडणं त्यांना जमत नाही. आम्माच्या लोणच्याच्या फोडीसुद्धा ते दाबून बघतात. त्यांनी अंगठ्यानं एक सांडगा दाबला. अंगठा नाकाशी नेला.

"गेले हे."

"माहितीय," आपा म्हणाली.

"पहिल्या दिवशी वरची कातडी धरली नाही की आतून आंबतं. मासळीचंही तसंच."

"चाचा, तुम्ही मासळी कुठं वाळवायचात?"

आब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी किटलीकडे.

"वाळूवर."

"वाळू कुणाची होती?"

"सरकारची," आब्बा म्हणाले.

"सरकारनं कुलूप लावलं होतं?"

चहाच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. आब्बा एक पाऊल जवळ आले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "बरं. किल्ली पाठवतो. तीन दिवस. तुम्हाला एकटीला."

मला वाटलं, झालं. मिळालं.

"आणि झुमाला?" आपानं विचारलं.

झुमा भाबी तिसऱ्या मजल्यावरची. बारिसालची. तिचं बाळ पाच महिन्यांचं. लंगोटं, दुपटी स्वयंपाकघरात चुलीवर दोरी बांधून वाळवायची.

"इथं झुमा कुठून आली?"

"बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय. ओलसर कपड्यांनी. तिच्या वाटचं ऊन मी एकटीनं खाऊ?"

"टाकीत कावळा मेला होता! घरातले नऊ जण झोपले होते!" आब्बांचा आवाज चढला. "मीसुद्धा!"

"मग टाकीला कुलूप लावा. कावळा टाकीत पडला होता. उन्हात नव्हता पडला."

बाकावरचे सगळे हसले. बदिउलनं हसू लपवायला कप विसळायला घेतले. आब्बांनी कुणाकडे बघितलं नाही. फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले, "महिना संपला की दुसरं घर बघा, तुलीच्या आई."

मी खाटेचा पाय धरून उभी होते. मी ते ऐकलं. आपानंही ऐकलं. तिनं एक कावळा हाकलला.

"बघू. मधे अजून एक शुक्रवार आहे."

त्या दुपारी मी वर गेले तेव्हा आकरमभाई खोक्यावर बसले होते. शांत माणूस, पण त्या दिवशी ओरडत होता.

"किल्ली देत होते ना! घ्यायची होती! आता सातवं घर सोडून आठवं शोधू?"

"शोधू."

"तुलीची शाळा?"

आपानं तुलीकडे बघितलं. तुली दप्तराचा पट्टा सोडवत होती, पुन्हा लावत होती. तिला आताशा वर्गात एक मैत्रीण मिळाली होती.

"भीती मलाही वाटते," आपा म्हणाली. "पण कोहळे तीनच उरलेत. घरं मिळतील. तो वेल आता नाही. त्यांनी वसाहत पाडली." मग तिनं आंबलेले सांडगे सुपात ओतले. लालसर पडले होते, बोटांना चिकटत होते. ती गॅलरीत गेली आणि मुठी भरभरून खाली फेकायला लागली. "खा मेल्यांनो! दोन दिवस हाकललं, आता बोलावतेय!"

कावळे आले. त्यांनीही सगळे खाल्ले नाहीत.

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. आब्बा जेवायचे आणि उठायचे. आम्मानं मला बाजूला घेतलं. "तिला म्हणावं, माझ्याकडे दे. मी वर घालीन. ह्यांना काय कळतंय." मी निरोप नेला. आपा म्हणाली, "खालाम्मांना माझा सलाम सांग." एवढंच. आम्मा रुसली. मग दोन दिवसांनी मला म्हणाली, "बाई हट्टी आहे. पण भाडेकरू ठेवल्यापासून नऊ वर्षांत मला कुणी सलाम पाठवला नव्हता."

गुरुवारी आपानं उरलेले तिन्ही कोहळे फोडले.

"आपा, एक तरी ठेवा."

"कशाला?"

"हेही गेले तर?"

"तर गेले. एक कोहळा कपाटावर ठेवून त्याच्याकडे बघत बसू का? धर, किस."

मी किसला. माझी दोन बोटं सोलली.

शुक्रवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. खाट आकरमभाईंनी न सांगता उचलली. शनिवारचं भांडण अजून मिटलं नव्हतं. ते तिच्याशी बोलत नव्हते, पण खाट घेऊन चालले होते. जिन्यात वळताना त्यांच्या कमरेत उसण भरली. तरी गल्लीपर्यंत नेली. तिथं आम्ही पोचलो आणि मागं वळून बघितलं तर झुमा भाबी उतरत होती. कडेवर बाळ, दुसऱ्या हातात ओल्या लंगोटांची बादली.

"मीही जागा घेते, आपा," ती म्हणाली. "बदिउलभाई, तुमच्या खांबाला दोरी बांधली तर चालेल?"

"बांधा. खांब कशाला आहे?"

दोरी दुकानाच्या खांबापासून आमच्या फाटकाच्या गजापर्यंत गेली. गल्लीच्या आडवी. लंगोटं चढली, दुपटी चढली. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर कुणाशी बोलत नाहीत. ते रजई घेऊन आले आणि आमच्याच फाटकावर टाकून गेले. थेंब गळत होते. आपा परात मांडीवर घेऊन खाटेवर बसली, ऊन उतरायची वाट बघत.

आब्बा मशिदीतून येत होते. शुक्रवारी ते पहाटेच्या नमाजनंतर जरा वेळ तिथंच बसतात. दोरीपाशी आले आणि थांबले. त्यांच्या स्वतःच्या फाटकाला दोरी होती. दोरीवर लंगोटं होती.

"सौदागर, जरा वाका," बदिउल म्हणाला. "ओलं आहे."

मला वाटलं, ते दोरी तोडतील. ते हात वर नेतही होते. मग झुमा भाबीच्या बाळाकडे त्यांची नजर गेली. उन्हात धरण्यासाठी तिनं त्याचं झबलं वर केलं होतं. पोटावर, पाठीवर लाल पुरळ, मोहरी पसरल्यासारखं.

आब्बा वाकले. लंगोटाखालून आत गेले.

त्यांच्या चपलांचा आवाज तळमजल्यावर थांबला नाही. वर गेला. दुसरा, तिसरा, चौथा. मग काही ऐकू येईना. बदिउलनं स्टोव्हची वात बारीक केली. मी आपाकडे बघितलं. तिचे हात परातीत होते, मनगटापर्यंत, आणि हलत नव्हते.

आब्बा खाली आले. साखळीला एक किल्ली कमी होती.

"कुलूप टाकीला लावलंय," ते म्हणाले. "किल्ली माझ्या खिशात. झाकणाला कुणी हात लावायचा नाही."

"आणि दार?" आपानं विचारलं.

"दार उघडं आहे."

"कुणासाठी?"

"दार माणूस बघून उघडतं का?" आब्बा चिडले. "पूर्वेच्या कठड्यावर आत्ता ऊन आलंय. इथं बोलत बसलीस तर पहिलं ऊन जाईल. पहिल्या उन्हाशिवाय कातडी धरत नाही, किती वेळा सांगू?"

गल्ली हसली, पण या वेळी आब्बांवर नाही; आम्हा सगळ्यांनाच हसू आलं. झुमा भाबी दोरीवरून लंगोटं ओढायला लागली. मला वाटलं, आपा आता आभार मानेल. मी असते तर मानले असते. दोनदा मानले असते.

ती उठली. परात माझ्या हातात दिली. हात साडीला पुसले.

"चाचा, खाट वर न्यायची आहे. ह्यांच्या कमरेत उसण भरलीय. एक बाजू धरा."

आकरमभाई म्हणाले, "अगं—"

"तुम्ही गप्प बसा. वाकता तरी येतंय का?"

पांढरा कुर्ता, अत्तर, बासष्ट वर्षांचे आबसार सौदागर. त्यांनी कुर्त्याच्या बाह्या सरकवल्या आणि खाटेची मागची फळी धरली. मी परात घेऊन मागं. माझे पाय पायऱ्यांवर पडत होते की नाही, मला सांगता येणार नाही.

"वळणावर डावी बाजू उचल," आब्बा म्हणाले.

"माहितीय. सहा घरं फिरलीय ही खाट."

"हा जिना अरुंद आहे."

"तुम्हीच बांधलात."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाट आडवी अडकली. सगळं वजन आब्बांच्या बाजूला आलं. त्यांच्या मानेची शीर फुगली. आपा वरच्या पायरीवर थांबली. नुसती थांबली.

"चाचा, महिनाअखेरीचं काय ठरलं?"

"काय?"

"दुसरं घर बघा म्हणाला होतात. बघू की नको?"

"खाट धरून उभा आहे मी!"

"म्हणून तर आत्ता विचारतेय. खाली ठेवलीत की तुम्ही मालक."

मागून झुमा भाबीनं तोंडावर ओलं लंगोट दाबलं. मास्तरांनी दार किलकिलं केलं. आब्बांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या फळीकडे. घाम कपाळावरून भुवईत उतरत होता.

"राहा!" ते ओरडले. सगळ्या जिन्यात घुमलं. "राहा, बाई, राहा! पण आधी डावी बाजू उचल!"

आपानं उचलली.